ढोरफोडीवरचा तपास

पोंभुर्ण्याच्या भागात, अंधारी आणि वैनगंगेच्या मधल्या धानपट्ट्यात, मेलेल्या ढोराची चिंता कोणी करत नसे. म्हातारा बैल गेला, रोवणीच्या दिवसांत चिखलात खपलेला हेला गेला, की त्याला ओढत गावाबाहेर ढोरफोडीवर नेऊन टाकायचे. कातडे उतरवले गेले की माणसाचे काम संपले. पुढचे काम आभाळातून यायचे.

ते काम कसे चालायचे हे नीट पाहण्यासारखे होते. आपल्याकडच्या गिधाडांना वासाचा उपयोग जवळजवळ नाही, सगळा कारभार डोळ्यांचा. उन्हे तापून हवा वर सरकू लागली की एकेक पक्षी आपापल्या तुकड्यावर घिरट्या घालतो. त्याची एक नजर जमिनीवर आणि दुसरी शेजारच्या गिधाडावर असते. एकाने पंख आवळून सूर मारला की शेजारचा त्याच्या मागे येतो, त्याला पाहून पलीकडचा. कोरे दिसणारे आभाळ पाव तासात काळ्या ठिपक्यांनी भरून जाते. खाली उतरल्यावर भांडणे, फिस्कारणे, एकमेकांच्या पाठीवर चढणे. नागडी लांब मान शरीराच्या पोकळीत खुपसून आधी मऊ भाग ओढायचे: काळीज (यकृत), मूत्रपिंड, आतडी. शंभरएक पक्ष्यांचा थवा असेल तर तासाभरात ढोराचा सांगाडा उरायचा. राजगिधाड, पांढरे गिधाड, घारी, कावळे, कोल्हे यांची पाळी ठरलेली आणि हिस्सेही वेगळे. चोची लहान असलेल्यांना हाडाला चिकटलेले तंतू, किड्यांना कातड्याचे उरलेसुरले तुकडे. कुत्र्यांना त्या गर्दीत फारसे काही मिळत नसे. मिळत नसे हे महत्त्वाचे, कारण पुढे सगळी गोष्ट तिथेच उलटली.

परिसरशास्त्राच्या पुस्तकात याला अन्नसाखळी, मृतभक्षक, स्पर्धा अशी नावे आहेत. शाळेत आपण बाणांच्या आकृत्या काढल्या: गवत, ससा, कोल्हा, वाघ. वाघापाशी बाण संपायचा. वाघ मेल्यावर काय, बैल मेल्यावर काय, हा प्रश्न त्या आकृतीत नव्हता. गिधाड त्या न काढलेल्या बाणाच्या टोकाशी बसलेले होते, म्हणून ते गेले तेव्हा कितीतरी वर्षे कोणाच्या लक्षातच आले नाही.

ज्यांच्या लक्षात आले त्यांच्यात पहिले नाव विभू प्रकाश यांचे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हे संशोधक ऐंशीच्या दशकात राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. तेव्हा तिथल्या झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेवर घरटी होती. १९९६ मध्ये ते पुन्हा त्याच झाडांखाली आले, तेव्हा निम्मीही उरली नव्हती. काही घरट्यांत पक्षी मरून पडलेले, काही फांद्यांत अडकून लोंबत होते. जिवंत होते त्यांतले अनेक मान खाली सोडून तासन् तास बसलेले. पुढच्या दोनतीन वर्षांत घरटी जवळजवळ नाहीशीच झाली. १९९९ मध्ये त्यांनी ही घसरण सोसायटीच्या नियतकालिकात छापली, आणि मग देशभरातून तशाच बातम्या येऊ लागल्या. २००० साली पांढऱ्या पाठीचे आणि लांब चोचीचे गिधाड जगाच्या अतिसंकटग्रस्त यादीत गेले.

आता हा गुन्हा नीट मांडून पाहा. मारेकरी एकाच वेळी राजस्थानात, बंगालात, नेपाळच्या तराईत आणि पाकिस्तानच्या पंजाबात. बळी फक्त गिधाडे, तीही मुख्यतः एकाच गटातली. त्याच ढोरावर चोच मारणारे कावळे आणि घारी ठणठणीत. अन्न कमी पडले म्हणावे, तर ढोरे सडत पडली होती. झाडे तुटली म्हणावे, तर भरतपूरसारख्या राखीव उद्यानात झाडे उभीच होती.

संशयित क्रमांक एक अर्थातच कीटकनाशक. यामागे जुना अनुभव होता. डीडीटी पाण्यातून किड्यांत, किड्यांतून माशांत, तिथून शिकारी पक्ष्यांत अशी पायरीपायरीने साठत जाते, अंड्यांची कवचे पातळ होतात आणि पिल्ले निघण्याआधीच फुटतात, हे अमेरिकेत ससाण्यांच्या बाबतीत उघड झाले होते. त्या ससाण्यांना वाचवण्यासाठी १९७० मध्ये उभी राहिलेली पेरेग्रीन फंड ही संस्थाच आता गिधाडांच्या तपासात उतरत होती. पण नमुने तपासले तर डीडीटीचा अंश मारण्याइतका नव्हता. इथे अंडी फुटत नव्हती, मोठे जाणते पक्षी मरत होते.

संशयित क्रमांक दोन विषाणू. देशभर एकदम पसरणारे, एकाच गटाला धरणारे, मान टाकायला लावणारे असे काही असेल तर ते साथीचे दुखणेच असणार. भारतातल्या आणि इंग्लंडमधल्या बहुतेक अभ्यासकांचा कौल याच बाजूने होता आणि तो अडाणीपणाचा नव्हता. मान टाकून बसणे हे आजाराचे लक्षण मानले गेले. नंतर बारकाईने पाहिल्यावर कळले, की तशा बसलेल्या पक्ष्यांचे मरणे-जगणे त्यावरून सांगता येत नाही. तपासातला हा सर्वांत दिसणारा पुरावा आणि तोच दिशाभूल करणारा.

पाकिस्तानच्या पंजाबात, मुलतानच्या आसपास, २००० पासून पेरेग्रीन फंडचे पथक मेलेली गिधाडे गोळा करत होते. त्यांच्यासोबत अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्यक आणि सूक्ष्मजीवतज्ज्ञ लिंडसे ओक्स होते. शवविच्छेदनाच्या टेबलावर त्यांना जे दिसत होते ते पुन्हा पुन्हा तेच होते. पोट उघडले की काळजावर, हृदयाच्या आवरणावर, आतड्यांवर खडूच्या पुडीसारखा पांढरा थर. तपासलेल्या दर शंभर पक्ष्यांत सुमारे पंच्याऐंशी असे. हा थर यूरिक आम्लाचा. आपण नको असलेला नायट्रोजन पाण्यात विरघळवून लघवीतून टाकतो. पक्षी पाणी वाचवतात, ते यूरिक आम्ल बनवून पांढरी विष्ठा टाकतात. मूत्रपिंड बंद पडले की ते आम्ल रक्तात साचते आणि अवयवांवर बसते. म्हणजे मृत्यूचे साधन कळले: मूत्रपिंड निकामी. पण ते निकामी करणारा कोण, हे कळेना. शिसे, पारा, आर्सेनिक, कीटकनाशके, विषाणू, जिवाणू, एकेक करून तपासले. सगळे नकारार्थी.

इथे तपासाला वळण मिळाले, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतला खरा शोध हाच आहे. प्रयोगशाळेतले यंत्र नंतर आले. तोवर सगळे पक्ष्याच्या आत पाहत होते, त्याला काय झाले म्हणून. पथकाने प्रश्न फिरवला: हा पक्षी खातो काय? जवळजवळ फक्त पाळीव ढोरे. मग ढोराच्या पोटात काय जाते? ढोर आजारी पडले की मालक काय करतो? हा प्रश्न वैद्यकाचा कमी आणि जीवांच्या एकमेकांशी असलेल्या नात्याचा जास्त. पक्ष्याचा मारेकरी पक्ष्याच्या शरीरात सापडत नसेल, तर साखळीत एक कडी मागे जायचे.

तेव्हा पथकातली माणसे औषधांच्या दुकानांत आणि ढोरांच्या डॉक्टरांकडे गेली. चाळणी तीन गोष्टींची लावली: मूत्रपिंडाला अपाय करू शकेल, पोटातून रक्तात जाईल, आणि गेल्या काही वर्षांतच गुरांसाठी बाजारात आले असेल. यादीत एकच नाव उरले, डायक्लोफिनॅक.

हे औषध कोणत्याही घरातल्या डब्यात सापडेल. गुडघा दुखला, कंबर आखडली, दात काढला की आपण तीच गोळी घेतो. माणसांसाठी ते सत्तरच्या दशकापासून होते. गुरांसाठी ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून उपखंडात स्वस्तात मिळू लागले. बैल लंगडला, कासेला सूज आली, ताप चढला, की एक इंजेक्शन आणि ढोर दुसऱ्या दिवशी उभे. त्यात कोणाची लबाडी नाही. ज्याची सगळी शेती एका जोडीवर आहे तो माणूस बैलाचे दुखणे थांबवणार नाही तर काय करणार?

आता नमुने पुन्हा काढले गेले. अवयवांवर पांढरा थर असलेल्या पंचवीस गिधाडांच्या मूत्रपिंडात डायक्लोफिनॅक शोधले. पंचवीसच्या पंचवीस जणांत सापडले. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या, थर नसलेल्या पक्ष्यांत एकातही नाही. शास्त्रात असा कौल फार क्वचित मिळतो. तरीही सोबत सापडणे म्हणजे मारणे नव्हे. म्हणून जायबंदी, पुन्हा सोडता न येणाऱ्या गिधाडांना औषध दिलेल्या रेड्या-बकऱ्यांचे मांस खाऊ घातले. निम्म्याहून जास्त पक्षी त्याच पांढऱ्या थरासह मेले. मे २००३ मध्ये बुडापेस्टला शिकारी पक्ष्यांच्या जागतिक परिषदेत ओक्स यांनी हे सांगितले. सभागृहातले कितीतरी जण विषाणूची बातमी ऐकायच्या तयारीने आले होते. जानेवारी २००४ च्या अखेरीस ‘नेचर’ने निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी भारत आणि नेपाळमधल्या मेलेल्या गिधाडांतही तोच पांढरा थर आणि तेच औषध सापडले.

तरी एक शंका कोणीही घेईल. सगळ्याच ढोरांना थोडेच इंजेक्शन मिळते? आणि मिळालेली सगळीच थोडी मरतात? शिवाय हे औषध ढोराच्या अंगातून काही दिवसांत निघूनही जाते. धोका फक्त त्या ढोराचा, जे इंजेक्शन घेऊन दोनतीन दिवसांत दगावले. असे कितीसे असणार?

उत्तर आकड्यांत आहे आणि ते धडकी भरवणारे आहे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला मारायला दर किलो वजनामागे एक ते दोन दशांश मिलिग्रॅम पुरते. पक्षी पाचएक किलोचा. म्हणजे माणसाच्या एका पन्नास मिलिग्रॅमच्या गोळीत निदान पन्नास गिधाडांचे मरण. शिवाय औषध जास्त साठते ते काळजात आणि मूत्रपिंडात, आणि गिधाडे आधी तेच ओढतात. आता गिधाड दोनतीन दिवसांनी एकदा पोटभर जेवते, वर्षाच्या सव्वाशे पंगती धरा. समजा दोनशे ढोरांत एकच विषारी आहे. एका पंगतीला धोका क्षुल्लक. पण सव्वाशे पंगतींनंतर शंभर पक्ष्यांतले चाळीसच्या वर गेलेले असतील. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू जोडी बांधायला चारपाच वर्षे घेते. इतक्या संथ हिशेबाच्या पक्ष्याला असली गळती झेपत नाही. रीस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये रीतसर गणित मांडले: प्रत्यक्ष दिसलेली घसरण घडवायला शंभरांत एकाहूनही कमी ढोरे विषारी असली तरी पुरे. नंतर भारतातल्या ढोरफोड्यांवरून १८४८ काळजांचे नमुने घेतले, तेव्हा दहा टक्क्यांत औषध निघाले.

१९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारातली एक उरली. लांब चोचीची शंभरातली तीन. उडणाऱ्या पक्ष्यांत इतक्या वेगाने घसरलेले दुसरे उदाहरण सहज आठवत नाही.

तिकडे ढोरफोडीवर जागा रिकामी झाली होती आणि निसर्गात रिकामी जागा फार काळ राहत नाही. ज्या कुत्र्यांना पंगतीत शिरकाव नव्हता त्यांना आता आख्खे ढोर मिळू लागले. फरक असा की गिधाडाच्या पोटातले आम्ल बहुतेक जंतूंचा निकाल लावते. कुत्रा अर्धवट खातो, दिवसचे दिवस खातो, आणि रात्री गावात परत येतो. अनिल मार्कंडेय आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये केलेल्या हिशेबाप्रमाणे १९९२ ते २००६ मध्ये देशात कुत्री किमान ५५ लाखांनी वाढली आणि रेबीजचे सत्तेचाळीस हजारांवर जादा मृत्यू झाले. पुढे २०२४ मध्ये इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी पूर्वी गिधाडांचा वावर असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांची तुलना केली. सडलेल्या ढोरांनी नासलेले पाणी धरून त्यांचा अंदाज २००० ते २००५ या काळात पाच लाख जादा माणसे मेल्याचा आहे. अशा आकड्यांवर वाद होतात आणि व्हावेतही. पण एका पक्ष्याच्या जाण्याची किंमत माणसांच्या मरणात मोजायची पद्धत त्यातून सुरू झाली. परिसरशास्त्रात ज्याला कळीची प्रजाती म्हणतात, म्हणजे संख्येच्या मानाने जिचा आधार फार मोठा, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

वैनगंगेच्या पलीकडे ही कथा आणखी एक वळण घेते. पोंभुर्ण्याहून नदी ओलांडली की चामोर्शी तालुका. मार्कंड्याचे देऊळ तिथे नदीकाठी उभे आहे. त्या जंगलपट्ट्यात महाराष्ट्रातली पांढऱ्या पाठीची थोडी गिधाडे टिकून होती. तिथे पशुवैद्यक अजय पोहरकर यांच्या हाती आजारी गिधाडे आली. हैदराबादच्या आणि नागपूरच्या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी त्यांचे रक्त तपासले तर सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाचा परजीवी. माणसाचा नव्हे, पक्ष्यांना होणारा. मलेरियावरचे औषध दिल्यावर पक्षी बरे झाले. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांचा निबंध आला आणि त्याचे शीर्षकच प्रश्नार्थक होते: घसरणीचे कारण मलेरिया आहे का?

जगभर डायक्लोफिनॅकवर शिक्कामोर्तब झाल्यावर गडचिरोलीतून वेगळा आवाज येणे अनेकांना आवडले नसेल. मला तो निबंध मोलाचा वाटतो. मलेरियाने देशभरची गिधाडे एका दशकात संपली हे पटत नाही, कारण तो पक्ष्यांत फार आधीपासून आहे आणि घसरण नवी आहे. २००६ मधल्या औषधबंदीनंतर घसरण मंदावली हेही त्याच बाजूने बोलते. पण जिथे शंभर पक्षी उरलेत तिथे एकेका पक्ष्याचे मरण मोठे असते, आणि मोठ्या कारणामागे छोटी कारणे दडून बसतात. हजारांचा थवा असता तर मलेरियाने मेलेल्या चारदोन पक्ष्यांनी काही बिघडले नसते.

भारत सरकारने मे २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफिनॅक बनवण्यावर बंदी आणली. त्याच सुमारास मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक आफ्रिकेतल्या गिधाडांवर तपासून निर्धोक ठरले. प्रश्न तिथे मिटला असता, पण माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या मिळतच होत्या आणि त्या गोठ्यात पोहोचत होत्या. २०१५ मध्ये माणसाच्या इंजेक्शनची कुपी तीन मिलिलिटरपुरती मर्यादित झाली. बैलाला तेवढ्याने काही होत नाही, पाचसहा कुप्या फोडाव्या लागतात, एवढाच त्या नियमाचा शहाणपणा. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर २०२३ मध्ये, निमेसुलाइडवर डिसेंबर २०२४ मध्ये गुरांपुरती बंदी आली. ॲसिक्लोफिनॅक ढोराच्या अंगात गेल्यावर त्याचे डायक्लोफिनॅकच होते, म्हणजे चोराने नाव बदलून घरात शिरण्याचा प्रकार. तो उघड व्हायला इतकी वर्षे लागावीत याचा राग येतो.

गडचिरोलीच्या वनविभागाने दरम्यान कुनघाडा, मारकबोडी या भागांत गिधाडांसाठी उपाहारगृहे काढली. नाव थट्टेचे वाटले तरी काम काटेकोर आहे. गावात ढोर मेले की कळवायचे, ते औषधाविना मेले याची खात्री करायची, मग ठरलेल्या जागी नेऊन ठेवायचे. जुनी ढोरफोडीच, फक्त आता तिच्यावर पहारा.

आणि इकडे चंद्रपूर जिल्ह्यात जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या जटायू केंद्रात वाढवलेली पांढऱ्या पाठीची दहा गिधाडे ताडोब्यात, बोटेझरीला आणली गेली. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, पाठीवर जागा कळवणारे यंत्र बांधून, पावसाळ्यात त्यांना सोडले. पिंजऱ्यात जन्मलेल्या या पक्ष्यांना ढोर कसे खायचे ते ठाऊक आहे. ते कुठे पडले आहे हे सांगणारे शेजारी मात्र आभाळात नाहीत. शेजाऱ्याला पाहून उतरायचे, त्याला पाहून पुढच्याने उतरायचे, ही सारी व्यवस्था शेकड्यांच्या गर्दीवर उभी होती. दहा पक्षी विखुरले की प्रत्येकाला आपले अन्न स्वतःच शोधावे लागते आणि त्यासाठी फार लांब उडावे लागते. त्यांतले एक राज्यामागून राज्य ओलांडत, सुमारे चार हजार किलोमीटर फिरून तामिळनाडूत पोहोचले.